चांदमारी



आमचे मूळ घर रेवदंड्याच्या खाडीच्या बाजूचे. तिथे माझे एक चुलत आजोबा होते, सारा गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्याकडे ठासणीची एक बंदूक होती. परवाना शेतीच्या रक्षणाचा, म्हणजे रानडुकरांसाठी. भात निसवायला लागले की डुकरे डोंगरातून उतरत आणि एका रात्रीत खाचर नांगरल्यासारखे करून ठेवीत. पण आबा बंदूक घेऊन थेट डुकरामागे कधी गेले नाहीत. आधी एका दुपारी ते ती माळ्यावरून काढीत, नळी पुसत, दारू ठासत, आणि चुना फासलेली एक करवंटी बांधावर ठेवून तिच्यावर एक बार काढीत. आम्हां पोरांना मागे आंब्याच्या खोडाआड उभे करीत. करवंटी फुटली की आम्ही ओरडायचो. आबांचे लक्ष मात्र छर्रे कुठवर पसरले आणि बांधापलीकडे कोण होते, याकडे असे. म्हणायचे, "वर्षभर ती माळ्यावर झोपलेली असते रे. तिचाही अंदाज घ्यावा लागतो, आणि माझ्या हाताचाही."

हा जो अंदाज घ्यायचा, त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे : चांदमारी. गोल निशाण म्हणजे चांद, आणि त्यावर गोळी मारण्याचा सराव म्हणजे चांदमारी. जिथे हा सराव चाले त्या मैदानालाही लोक चांदमारीच म्हणत. छावणीच्या गावांतून हे नाव अजून टिकून आहे.

आज मी बोलणार आहे ते एका लहान हत्याराविषयी. खिशात मावणारे, सदऱ्याखाली दडणारे पिस्तूल. स्वातंत्र्याच्या इतिहासात ते आपल्याला फार वेळा भेटते. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो की अमक्या तारखेला अमक्याने गोळी झाडली. पण एक साधा प्रश्न आपण विचारीत नाही. ते चालवायला तो शिकला कुठे? त्याची चांदमारी कुठली? या प्रश्नाच्या मागे गेले की आपल्या किनाऱ्यावरून वाट निघते ती लंडनच्या रस्त्यावर पोहोचते, आणि तिथून पुन्हा आपल्याच दारात येते.

सुरुवात करू या शिरढोणपासून. पनवेलकडून कर्नाळ्याकडे जाताना वाटेत हे गाव लागते. इथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांकडे गेला. नातू पुण्यात इंग्रजांच्याच लष्करी हिशेबखात्यात कारकून झाला. दिवसा आकडेमोड, आणि नोकरीच्या वेळेबाहेर तालीम. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे ते दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले, आणि पुण्याभोवतालच्या डोंगरझाडीत त्यांनी सराव केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि २३ फेब्रुवारी १८७९ ला धामारीच्या दरोड्याने बंडाला तोंड फुटले.

या बंडाची एक धग आपल्या भागातही लागली. १० आणि ११ मे १८७९ ला फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक घाट उतरून पनवेलजवळ आले आणि त्यांनी पळस्पे व चिखली इथे लूट केली. आज पळस्पे फाट्यावर एस.टी.साठी उभे राहणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल? परत जाताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले, आणि दौलतराव पडले. जुलैत फडकेही सापडले. पुण्यात खटला झाला, सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, त्यांची बाजू मांडली. शिक्षा झाली काळ्या पाण्याची. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

आता फडक्यांच्या बंडाच्या आदल्याच वर्षी काय घडले होते ते पाहा. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा, आणि दुसरा हत्यारांचा. पहिला लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये रद्द केला. दुसरा राहिला. तो स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे राहिला, ते पुढे सांगतो.

हा हत्यारांचा कायदा असा होता : परवान्याशिवाय हत्यार बाळगायचे नाही. युरोपियनांना नियमांनी सूट होती. साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि सरकारी माणसाच्या नजरेआड लपवण्याच्या हेतूने तोच गुन्हा केला तर सात वर्षांपर्यंत. शेतकऱ्याला डुकरासाठी ठासणीची बंदूक हवी असली तरी परवाना हवा. १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. पुढे महात्मा गांधींसारख्या अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेसुद्धा, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा ही इंग्रजी राज्याची एक अत्यंत काळी करणी म्हणून नोंदवली.

आता जरा विचार करा. हत्यार चोरून मिळवता येते, लपवून ठेवता येते. चांदमारी लपवता येत नाही. बार काढला की आवाज होतो, कोसभर ऐकू जातो. म्हणजे कायद्याने नुसते हत्यार गेले असे नाही, हत्याराचे शिक्षणही गेले. किती दारू घालायची, नळी कुठे रोखायची, केव्हा थांबायचे, मागे कोण उभा आहे ते कसे पाहायचे, हे सारे बापाकडून मुलाकडे जाणारे ज्ञान होते. ते आटले. उरला तो लष्कर आणि पोलीस यांचा सराव.

पुण्याच्या चापेकर बंधूंची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. दामोदर चापेकरांना सैन्यात शिरून शस्त्रविद्या शिकायची होती. ती खटपट फसली. मग १८९५ च्या सुमारास भावांनी तरुणांची एक मंडळी काढली, व्यायाम आणि कवायतीसाठी. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्यांनी प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच रात्री मागच्या गाडीतले लेफ्टनंट आयर्स्ट हेही मारले गेले. रोख रँडवर होता. आयर्स्टचे नाव या हिशेबात नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

तोवर तिकडे युरोपात पिस्तुलाचेच रूप पालटत होते. जुने पिस्तूल म्हणजे एका बाराचे. एकदा उडवले की पुन्हा दारू, पुन्हा गोळी, पुन्हा ठासणी. पुढे फिरत्या डब्याचे रिव्हॉल्व्हर आले, पण तो डबा कमरेला फुगवटा आणी. मग अमेरिकेतल्या युटा प्रांताचा जॉन मोझेस ब्राउनिंग नावाचा बंदूककार पुढे आला. त्याच्या आराखड्यावरून बेल्जियममधल्या एर्स्ताल गावच्या कारखान्याने १९०० साली एक चपटे पिस्तूल काढले. लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. मुठीच्या पोकळीत पट्टीसारख्या डब्यात सात काडतुसे, एकावर एक. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगने पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. चाप एकदा दाबला की एक गोळी. पुन्हा भरायची गरज नाही. १९०६ मध्ये त्याच कारखान्याने याहूनही छोटे, तळहातात मावेल असे काढले. कोल्ट नावाची अमेरिकन कंपनीही ब्राउनिंगच्याच कल्पनेवरची पिस्तुले करू लागली. बघता बघता 'ब्राउनिंग' हा शब्दच पिस्तुलाला पर्यायी झाला.

हत्यार लहान झाले, दडवायला सोपे झाले. पण एक अडचण आली, आणि ती शाळेतल्या गणिताची आहे. शिक्षक मित्रांनी ही वर्गात फळ्यावर मांडून पाहावी.

बंदुकीच्या नळीवर दोन खुणा असतात, एक डोळ्याजवळ आणि एक टोकाला. दोन्ही एका रेषेत आणून नेम धरायचा. समजा लांब बंदुकीवर या खुणांत ३० इंचांचे अंतर आहे, आणि खिशातल्या पिस्तुलावर ५ इंचांचे. हात थरथरला, आणि टोकाची खूण इंचाचा विसावा भाग बाजूला सरकली. निशाण २५ फुटांवर, म्हणजे ३०० इंचांवर आहे. त्रैराशिक मांडा. बंदुकीची गोळी अर्धा इंच चुकेल. पिस्तुलाची गोळी तीन इंच चुकेल. थरथर तीच, चूक सहापट! त्यात पिस्तुलाला खांद्याचा टेका नाही, वजन हलके, धक्का सारा मनगटावर. म्हणून ज्याला आपण लहान हत्यार म्हणतो ते चालवायला सगळ्यांत अवघड. जितके लपवायला सोपे, तितके शिकायला कठीण. आणि हिंदुस्थानात ते शिकायला जागा नव्हती.

जागा होती ती लंडनमध्ये.

ही गंमत पाहण्यासारखी आहे. ज्या साम्राज्यात कुलाबा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला डुकरासाठी परवान्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, त्याच साम्राज्याच्या राजधानीत पिस्तूल दुकानात मिळे. १९०३ च्या पिस्तुलांच्या कायद्याने नऊ इंचांपर्यंतच्या नळीचे पिस्तूल घेणाऱ्याला परवाना लागू केला होता खरा. पण तो मिळे टपाल कचेरीत, दहा शिलिंग भरून. आणि टॉटनहॅम कोर्ट रोड या गजबजलेल्या रस्त्यावर चक्क चांदमारीची खोली होती. पैसे द्यावेत, पिस्तूल घ्यावे, कागदी निशाणावर गोळ्या झाडाव्यात.

लंडनच्या हायगेट भागात श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये 'इंडिया हाउस' काढले होते. १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर तिथे राहायला आले. त्या घरातली मंडळी लंडनच्या एका चांदमारीवर पिस्तुलाचा सराव करतात, ही नोंद पुढे १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातही आली.

त्यांच्यातला एक मदनलाल धिंग्रा. अमृतसरचा, युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनियरिंगचा विद्यार्थी. जानेवारी १९०९ मध्ये त्याने कोल्टचे पिस्तूल विकत घेतले. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या चांदमारीत त्याची सुमारे तीन महिने ये-जा होती. १ जुलै १९०९ ला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तो तिथे गेला आणि त्याने १२ गोळ्या झाडल्या. पैकी ११ निशाणावर बसल्या. हे सारे खुद्द चांदमारीच्या चालकाने पुढे न्यायालयात सांगितले. त्याच रात्री साउथ केन्सिंग्टनमधल्या इंपीरियल इन्स्टिट्यूटच्या समारंभात धिंग्राने सर विल्यम कर्झन वायली यांना जवळून गोळ्या घातल्या.

तिथे एक दुसरा माणूसही पडला. कावस लालकाका. पारशी डॉक्टर, शांघायमध्ये वैद्यकी करणारे. ते मध्ये पडले. धिंग्राने न्यायालयात सांगितले की या माणसाला मारण्याचा आपला हेतू नव्हता, तो धरायला अंगावर आला म्हणून गोळी झाडली. २३ जुलैला एका दिवसात खटला संपला, आणि १७ ऑगस्ट १९०९ ला पेंटनव्हिल तुरुंगात धिंग्रा फासावर गेला.

साडेपाच वाजता बारांतल्या अकरा गोळ्या बरोबर. कागदावरचा नेम पक्का झाला होता. पण कागदाच्या शेजारी कुणी उभे नसते, कागद धावून मध्ये येत नाही. चांदमारीत हा धडा मिळत नाही, श्रोतेहो.

आता समुद्रावरून घरी येऊ या. १९०९ च्या फेब्रुवारीत सावरकरांनी पॅरिसमध्ये वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळवली. इंडिया हाउसमध्ये चतुर्भुज अमीन नावाचा स्वयंपाकी होता. तो मायदेशी निघाला होता. त्याच्या सामानातल्या एका पेटीला चोरतळ केला आणि त्यात हा ऐवज ठेवला. वर नेहमीचे सामान, खाली वीस पिस्तुले. खांदेरीचा दिवा १८६७ पासून मुंबईच्या गलबतांना आणि आगबोटींना वाट दाखवीत आला आहे. त्या दिव्याच्या टापूतूनच ही पेटी मुंबईला लागली असणार. आपल्या कोळ्यांना त्या रात्री एका आगबोटीचे दिवे दिसले असतील, यापलीकडे काय कळणार?

पेटी येण्याच्या सुमारास नाशिकला काय चालले होते? सावरकरांचे वडील बंधू गणेशपंत, म्हणजे बाबाराव, यांना २८ फेब्रुवारी १९०९ ला अटक झाली. कवितांची पुस्तिका छापल्याबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि ९ जून १९०९ ला जन्मठेपेची शिक्षा झाली. कवितेला जन्मठेप! साऱ्या महाराष्ट्रात हळहळ झाली. नाशिकचे कलेक्टर होते आर्थर जॅक्सन. त्यांनीच बाबारावांचा खटला वरच्या न्यायालयाकडे पाठवला होता, म्हणून तरुणांचा राग त्यांच्यावर. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात, जॅक्सनच्या निरोपासाठी ठेवलेल्या नाटकाच्या वेळी, अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठरा वर्षांच्या मुलाने त्यांना गोळ्या घातल्या. पिस्तूल त्या वीसांपैकी एक होते. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना फाशी झाले.

सावरकरांना १३ मार्च १९१० ला लंडनमध्ये पकडले. डिसेंबर १९१० मध्ये नाशिक कटात एक जन्मठेप झाली, आणि जानेवारी १९११ मध्ये, जॅक्सनच्या खुनाला हत्यार पुरवल्याच्या आरोपाखाली, दुसरी. त्या वीस पिस्तुलांनी किती आयुष्यांचे हिशेब बदलले, ते पाहा.

जॅक्सन कोण होते, हेही आपण सांगितले पाहिजे. इतिहास सांगताना एक बाजू झाकून ठेवू नये. ते संस्कृत जाणणारे होते, 'पंडित जॅक्सन' असे त्यांना म्हणत. त्यांनी लोकांच्या समजुती, गावदेवी, सणवार, भुताखेतांच्या गोष्टी यांची माहिती गोळा करायला घेतली होती. आणि ही माहिती त्यांना कुणी पुरवली? गावोगावच्या शाळामास्तरांनी! त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ती कागदपत्रे लावून छापली. कोकणाचा भाग १९१५ मध्ये निघाला. त्याच्या तळटीपांत कुलाबा जिल्ह्यातल्या शाळांचे मास्तर जागोजाग भेटतात. आपल्या पंचक्रोशीतला कुणी मास्तर कंदिलाच्या उजेडात गावदेवीच्या पालखीविषयी लिहितो आहे, आणि तो कागद नाशिकच्या त्या साहेबाकडे चालला आहे. शिक्षक मित्रहो, हे आपल्या व्यवसायातले पूर्वज.

मग जॅक्सन चांगले होते, म्हणून कान्हेरे चुकला, असे म्हणायचे का? की कान्हेरे देशभक्त होता, म्हणून जॅक्सनविषयी बोलायचेच नाही? मला वाटते दोन्ही सोप्या वाटा आहेत. ज्या राज्यात कवितेला जन्मठेप होते, त्या राज्याचा अधिकारी व्यक्तीने भला असला तरी त्याच्या सहीने अन्याय घडतो, हे खरे. आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात सात गोळ्यांचे यंत्र आले की समोरचा माणूस अख्खा दिसत नाही, फक्त निशाण दिसते, हेही खरे. कान्हेऱ्याचा त्याग मी कमी लेखत नाही. त्याने स्वतःचा जीव दिला. पण वर्गात ही गोष्ट सांगताना मी दोन्ही माणसे पुरती सांगतो. मुले गप्प होतात. ते गप्प होणे मला नुसत्या टाळ्यांहून बरे वाटते.

आयर्स्ट आणि लालकाका यांची नावे मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितली ती याचसाठी. गोळी एकदा सुटली की ती कुणाची, हे सोडणाऱ्याच्या हाती राहत नाही. आणि हे गुप्त पिस्तुलांनाच लागू आहे असे नाही. आपल्याच उरण तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रह झाला. आगरी, कोळी, आदिवासी माणसे कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली ती झाडाच्या फांद्या तोडून कायदा मोडायला. तिथल्या बंदुका परवान्याच्या, सरकारी, चांदमारीत नेम पक्का केलेल्या शिपायांच्या हातातल्या. गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. आणि त्याच गोळीबारात सरकारचे स्वतःचे मामलेदार जोशी हेही मारले गेले.

म्हणजे नुसता नेम पक्का करणारी चांदमारी अर्धी चांदमारी. उरलेला अर्धा भाग म्हणजे चाप न दाबण्याचे शिक्षण. ते उघड्यावर, वडीलधाऱ्यांच्या देखत, नियमांच्या चौकटीतच मिळते. १८७८ च्या कायद्याने आपल्याकडून खरे हिरावले ते हे. हत्यार चोरतळात गेले, सराव परदेशात किंवा अंधारात गेला, आणि जबाबदारीचा धडा कुणी कुणाला द्यायचा राहून गेला.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ मध्ये हत्यारांचा नवा कायदा केला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. तेव्हा कुठे लिटनचा कायदा संपला. परवाना आजही लागतो, आणि लागावाच. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच हत्यारे ठेवता येतात. निवडणूक आली की गावातल्या बंदुका ठाण्यावर जमा कराव्या लागतात, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. पण एक बदल मला फार मोलाचा वाटतो. २०१६ च्या नियमांत परवाना मागणाऱ्याला हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घ्यायला सांगितले आहे. ज्या शिक्षणाची जुन्या सरकारला भीती वाटे, तेच शिक्षण आता कायदाच मागतो.

आणि चांदमारी? ती आपल्या जिल्ह्यात परत आली आहे. पनवेलला सुमा शिरूर यांचा 'लक्ष्य' नावाचा नेमबाजीचा क्लब आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या या नेमबाज. तिथे मुले-मुली हवेच्या बंदुका आणि हवेची पिस्तुले घेऊन सराव करतात. या खेळात पिस्तूल लपवायचे नसते. ते टेबलावर, सगळ्यांना दिसेल असे, रिकामे ठेवायचे. हुकूम झाला की उचलायचे, हुकूम झाला की खाली ठेवायचे. नळी निशाणाखेरीज कुठेही वळवायची नाही. दहा मीटरवरच्या निशाणात दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे जेमतेम शर्टाच्या गुंडीएवढे. ते साधायला आधी श्वास आवरावा लागतो. हात स्थिर नसेल, मन स्थिर नसेल, तर पिस्तूल खाली ठेवून पुन्हा सुरुवात करावी, असे तिथले शास्त्र आहे. खाली ठेवण्यात कमीपणा नाही.

शिरढोण तिथून काही मैलांवर आहे. ज्या मातीतल्या माणसाला सरावासाठी डोंगरात जावे लागले, तिथली शाळकरी मुलगी आज दिवसाढवळ्या, आईबापांच्या देखत निशाण साधते. फडक्यांना हे पाहून काय वाटले असते, ते मी सांगू शकत नाही. मला बरे वाटते एवढे सांगतो.

शिक्षक मित्रांना शेवटी एक विनंती. १८७९ ची आणि १९०९ ची गोष्ट सांगताना तारखांबरोबर ते त्रैराशिकही फळ्यावर मांडा. पाच इंच, तीस इंच, तीनशे इंच. आणि मग मुलांना विचारा की निशाणाच्या मागे कोण उभे आहे, हे या गणितात कुठे येते? उत्तर येणार नाही. कारण ते गणितात येत नाहीच.

आबा गेले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांची बंदूक घरच्यांनी रीतसर सरकारात जमा केली. पण भात निसवायला लागले, बांधावर ऊन उतरले, की मला अजून ती चुना फासलेली करवंटी दिसते. बार काढण्याआधी आबा प्रत्येक वेळी बांधावर चढून पलीकडे पाहून येत. गुडघे दुखायचे त्यांचे. तरी चढत. पलीकडे कुणी नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी चापाला बोट लावले नाही.